अण्णा घवाळींच्या टाकीतला गडगा

माशांच्या टाकीत गडगा घालणारा माणूस रत्नागिरीत मला एकच माहीत आहे. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचे तुकडे एकावर एक रचून घातलेला बांध. कोकणात दोन बागांच्या मधे तो असतोच; असला की शेजारी बोलत नाहीत आणि नसला की भांडतात. अण्णा घवाळींनी तो पाण्यात घातला. टाकी अडीच फूट लांब, गडगा वीतभर उंच. अलीकडच्या भागात एक एंजल मासा, पलीकडच्या भागात एक गोल्डफिश. मधोमध शेवटचा दगड बसवून अण्णांनी कोपरापर्यंत ओले झालेले हात पंच्याला पुसले आणि जाहीर केले, "हद्द कायम."

तासाभरात जांभ्याने रंग सोडला. पाणी पावसाळ्यातल्या काजळी नदीसारखे तांबडे झाले आणि दोन्ही मासे दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसला, तेव्हा एंजल पलीकडच्या भागात होता आणि गोल्डफिशला कोपऱ्यात दाबून उभा होता. वीतभर गडग्याच्या वर वीतभर पाणी मोकळे होते. मासा वरूनही जाऊ शकतो, हे अण्णांच्या ध्यानात आले नव्हते.

"जमिनीवर असं कधी झालं नाही," ते म्हणाले.

अण्णा भूमापक होते. मंडणगडापासून राजापुरापर्यंत भावाभावांनी एकमेकांविरुद्ध मागवलेल्या मोजण्या करण्यात त्यांची नोकरी गेली. कोकणातल्या सातबाऱ्यावर नावे इतकी असतात की सगळ्यांना एकदम बोलावले तर उभे राहायला ती जमीन पुरत नाही, हे वाक्य त्यांचेच. अशा जमिनीत खुंट्या ठोकून, दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच ऐकून ते चहा न घेता परत येत. चहा घेतला तर ज्याचा घेतला त्याला झुकते माप दिले, असे दुसरा म्हणतो.

निवृत्तीनंतर खुंट्या सुटल्या, हद्द सुटली नाही. एसटीत शेजारी कोणी येऊन बसले की अण्णा सीटच्या मधल्या शिवणीवर बोट ठेवून विचारतात, "ही हद्द. हरकत आहे?" बहुतेकांची हरकत नसते, काही जण उठून दुसरीकडे बसतात. टपरीवरच्या बाकावर दोघे बसलेले दिसले की त्यांचा पहिला प्रश्न, "कब्जा कोणाचा?" लग्न का केले नाही, असे मी एकदा त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "जन्मभर सामाईक भिंतींची भांडणं मिटवली. घरी परत सामाईकच करायचं?"

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमच्यात जिना सामाईक आहे. जिल्ह्याच्या एका दैनिकात मी वार्ताहर आहे, म्हणून ते मला नावाने हाक न मारता 'पत्रकार' म्हणतात. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी निवृत्तीच्या वेळी त्यांना माशांची टाकी भेट दिली. ती घरात बसवण्याआधी त्यांनी माझे दार वाजवले.

"लगतधारक म्हणून विचारतोय. अडीच फुटी टाकी ठेवतोय. हरकत असेल तर आत्ताच बोल, मागाहून चालायचं नाही."

माझी हरकत नव्हती. टाकीत एकच मासा आला, एंजल. चपटा, रुपेरी, अंगावर काळे पट्टे, वर आणि खाली लांब पर. आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या शेवंताने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"काय ओ अण्णा, पापलेट पाळलाव?"

"तो एंजल आहे."

"आसंल. पन येवढ्याशात कालवन कसला व्हतंय? नुसता काटा." आणि जाता जाता, "मोटा झाला की सांगा."

रत्नागिरीत घरात मासा दिसला की पाहुणा आधी तो खायला कसा लागतो हे विचारतो. अण्णा याला सरावले. माशाला त्यांनी नाव ठेवले नाही, हक्क नोंदवला. ते त्याला कब्जेदार म्हणत. कब्जेदाराने टाकीतली एक पाणवनस्पती स्वतःची मानली होती आणि तिच्याजवळ बोट नेले तरी तो काचेवर धावून येई. अण्णांना याचे फार कौतुक होते. "बघ, खुंटी न ठोकता याला आपली हद्द कळते. माणसाला दोन तालुक्यांत कळत नाही."

या घरात आक्का आल्या.

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या दापोलीला एकट्या राहत. दापोलीत कृषी विद्यापीठामुळे विद्यार्थी पुष्कळ. आक्का मागच्या दोन खोल्या त्यांना देत. शिकून झाले की मुले खोली सोडून जात आणि न लागणाऱ्या वस्तू आक्कांकडे टाकून जात. अशा टाकलेल्या वस्तूंत एक कॅरम बोर्ड होता, एक शिट्टी नसलेला कुकर होता आणि काचेच्या गोल भांड्यातला एक गोल्डफिश होता. कॅरम आणि कुकर आक्कांनी देऊन टाकले. मासा ठेवला. त्याचे नाव बाळ्या. बाळ्या गुबगुबीत, नारिंगी, चार पदरी शेपटीचा; जेवून उठलेल्या माणसासारखा तो सावकाश फिरे.

एका सकाळी बाळ्याचे पाणी बदलताना आक्का मोरीत घसरून पडल्या. हात मोडला, भांडे फुटले. दुसऱ्या हाताने त्यांनी बाळ्याला बादलीत टाकले आणि तिथेच पडून राहिल्या. दुपारी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा कळले. अण्णा त्याच दिवशी दापोलीला गेले. हाताला प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी बहिणीला सांगितले की आता रत्नागिरीलाच राहायचे. आक्का म्हणाल्या, "बघते. बाळ्या रुळला तर मी राहीन. नाहीतर आम्ही दोघं आपल्या घरी."

दापोलीहून येताना बाळ्या दुधाच्या किटलीत होता आणि किटली आक्कांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजी, झाकण नीट लावा, कालवण सांडेल." आक्कांनी झाकण उघडून दाखवले. बाळ्याने वर तोंड केले. कंडक्टरने पुढच्या प्रवाशांना बोलावून दाखवले आणि खेडपर्यंत गाडीत तोच विषय चालला.

मला अण्णांनी जिन्यात गाठून सगळे सांगितले. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, "सकाळची पडली, दुपारी कळलं. पुन्हा एकटी राहिली तर कधी कळेल?" मग लगेच मूळ आवाजात, "तेव्हा कूळ रुळलं पाहिजे."

कूळ म्हणजे बाळ्या. दुसऱ्याच्या जमिनीत कसायला शिरतो आणि शेवटी मालक होऊन बसतो तो कूळ, अशी अण्णांची व्याख्या आहे, आणि कोकणातले बरेच जमीनमालक ती मान्य करतील.

एंजल आणि गोल्डफिश ही जोडी जमत नाही. हे मला माशांच्या टाक्यांचे दुकान चालवणाऱ्या सादिकने पहिल्याच आठवड्यात सांगितले आणि तो आजही तेच सांगतो. एंजलला कोमट पाणी लागते, गोल्डफिशला थंड. एंजल चपळ आणि तापट, गोल्डफिश मंद आणि त्याची शेपटी लांब. लांब हलणारी वस्तू दिसली की एंजल तिला टोचतो. "दुसरी टाकी घ्या," सादिकने अण्णांना सुचवले. अण्णा तयार होते. आक्का नव्हत्या.

"वेगळी चूल मांडायची तर मी दापोलीलाच बरी," त्या म्हणाल्या.

म्हणून गडगा आला, आणि तांबड्या पाण्यानंतर तो गेला नाही. दगड धुऊन पुन्हा रचला गेला, या वेळी पृष्ठभागापर्यंत. एंजलने दोन दगडांमधली फट शोधली. अण्णांनी फट बुजवली. मग बाळ्या आपल्या अर्ध्या भागात एका जागी उभा राहू लागला आणि खाईना.

"कोंडून घातलंस माझ्या बाळ्याला," आक्का म्हणाल्या.

"अर्धा हिस्सा दिलाय पुरा. टेप लावून."

"टेप त्याला गिळायचाय काय?"

खाण्यावरूनही मतभेद होते. अण्णा मोजून दाणे घालत. आक्कांचे म्हणणे, बाळ्या मुलांकडे भातावर वाढला. अण्णा पेपर आणायला खाली गेले की त्या भाताची दोन शिते टाकीत टाकत. पाणी गढूळ झाले की अण्णा पंचनामा करत. एक शीत चिमट्यात धरून ते मला दाखवायला माझ्या दारापर्यंत आले होते.

हे टाकीपुरते असते तर चालले असते. अण्णांनी घरही मोजले. आक्का आल्या त्याच दिवशी त्यांनी कपाट निम्मे रिकामे केले आणि मधल्या फळीवर पेन्सिलीने रेघ ओढली. फ्रीजमध्ये रेघ ओढली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ओढली. न्हाणीघरातल्या साबणाच्या खणातही रेघ होती. सगळीकडे बरोबर अर्धे. आपल्याकडून बहिणीला इंचभर कमी जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. ज्या माणसाने आयुष्यभर कमी मिळाल्याची रडगाणी ऐकली, त्याला स्वागत म्हणजे काय ते असेच सुचले. आक्कांना ते तसे दिसले नाही.

"मी काय वाटणी मागायला आलेय?" त्यांनी मला विचारले. मी त्यांच्याकडे लिंबाच्या लोणच्याची वाटी परत करायला गेलो होतो. "काल लोणच्याची बरणी बोटभर पलीकडे गेली तर उचलून इकडं ठेवली याने. बोलला काही नाही. नुसती उचलून ठेवली. एक दिवस माझ्या ताटाखाली दगड पुरेल हा."

"तुझी बरणी सांडली असती तर माझ्या पोह्यांत," आतून अण्णा.

"तुझे पोहे, माझी बरणी. ऐकलंस?"

त्यांची पिशवी पलंगाखाली बांधलेलीच होती. त्यातून लागेल ते लुगडे काढत आणि धुऊन परत पिशवीतच ठेवत. कपाटाचा अर्धा भाग रिकामा राहिला. अण्णा रोज कपाट उघडून तो रिकामा भाग पाहत. मी एकदा त्यांना पाहताना पाहिले. त्यांनी घाईने दार लावले आणि कपाटाला वाळवी लागते म्हणून सांगितले.

गडगा काढून पाहावा, असे अण्णांनी एका शनिवारी ठरवले. दोन वरचे थर काढले. जेमतेम दुपार झाली असेल; आक्कांची हाक माझ्या घरात ऐकू आली. मी गेलो तेव्हा बाळ्याच्या शेपटीचा एक पदर तुटून दोऱ्यासारखा लोंबत होता आणि एंजल आपल्या वनस्पतीजवळ, काही घडलेच नाही अशा थाटात, उभा होता. अण्णा जाळी घेऊन धावले. आक्का खुर्चीत बसल्या. प्लास्टर नुकतेच निघाले होते. तो हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला होता.

"बास झालं, अनंता," त्या अण्णांना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सोमवारची दापोलीची गाडी बघ."

अण्णांनी हद्द, हरकत, कब्जा यातले काही म्हटले नाही. चपला घातल्या आणि सादिककडे गेले. मला बरोबर नेले, बहुधा एकट्याने ऐकायचा धीर नव्हता म्हणून.

सादिक मत्स्यालयाच्या काचा पुसत होता. त्याने ऐकून घेतले.

"अण्णा, तुमचा एंजल घरमालक झालाय. टाकीतला एकेक दगड त्याला पाठ आहे. नवा कोण आला की त्याला वाटणार, घुसला. तुम्ही अर्धी टाकी द्या नायतर पाव द्या, त्याच्या डोक्यात सगळी त्याचीच."

"मग?"

"मग त्याला बाहेर काढा. आठवडाभर. लांब ठेवा, टाकी दिसता नये. आतली मांडणी सगळी मोडा. दगड, झाडं, सगळं इकडचं तिकडं. नव्याला एकट्याला फिरू द्या, जागा त्याची होऊ द्या. मग जुन्याला सोडा. तो येईल तेव्हा त्याला काहीच ओळखीचं दिसणार नाय. पाहुण्यासारखा गुमान राहील." थांबून तो म्हणाला, "राहीलच असं नाय. पण दुसरा इलाज नाय."

"आणि शेपटीचं?"

"येते परत. पण ती येईपर्यंत त्याला एसटीत बसवू नका."

परतीच्या वाटेवर चौकात दोन रिक्षावाले उभे राहण्याच्या जागेवरून भांडत होते. अण्णा थांबलेसुद्धा नाहीत. तेव्हाच मला काहीतरी वेगळे असल्याचे कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली घेऊन जिन्यात उभे होते. किटलीत कब्जेदार होता.

"पावसला मोजणी निघालीये," ते आक्कांना सांगत होते. "नानाची बाग. आठवडा जाईल."

"तू रिटायर झालायस ना रे?"

"खाजगी आहे."

"आणि मासा कशाला?"

"सादिक म्हणाला याला लांब ठेवा." हे खरे होते. "बाळ्याची शेपटी भरेपर्यंत तुला जाता येत नाही, तेवढे दिवस टाकी तुझ्याकडे. गडगा काढ, झाडं उपट, काय वाटेल ते कर. मला विचारू नको."

"तुला न विचारता?"

"मी इथं नाही तर विचारणार कोणाला?"

खाली उतरताना ते माझ्याजवळ थांबले. "लक्ष ठेव. म्हणजे बाहेरूनच."

पहिले दोन दिवस आक्कांनी काही हलवले नाही. मी सकाळी दूध द्यायला गेलो की त्या टाकीसमोर बसलेल्या असत. बाळ्या रिकाम्या झालेल्या टाकीत गडग्याच्या कडेने फिरत होता, पलीकडे जात नव्हता.

"मला कंटाळून गेला तो," आक्का म्हणाल्या. "मोजणी कसली नि काय कसली. म्हातारी बहीण गळ्यात पडली, म्हणून पळाला. बाळ्या बरा झाला की मीच निघते, म्हणजे त्याला आपल्या घरात येता येईल."

खरे कारण तेव्हा मलाही माहीत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. बाळ्याच्या शेपटीला गडग्याचा दगड घासतो, तो काढून दे, असे काम होते. मी एकेक दगड काढून दिला, त्यांनी तो बाल्कनीतल्या अळवाच्या कुंडीत नेऊन टाकला. टाकी एकदम मोठी दिसू लागली. बाळ्या मधोमध आला, थांबला, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आक्का उठून उभ्या राहिल्या. "बघ, बघ, चाललाय कसा!" त्यांनी स्वयंपाकघरातून नारळाची एक करवंटी आणली, शेंड्या खरवडून, कडेला मोठे भोक पाडून, उकळून घेतली आणि टाकीत पालथी घातली. बाळ्या तिच्या भोकातून आत गेला आणि बाहेर आला. पुन्हा गेला.

हात एकदा लागल्यावर तो टाकीपाशी थांबला नाही. टाकीवर दुपारचे ऊन येते म्हणून टाकी हलवायची ठरली. त्यासाठी टेबल हलले. टेबलाला जागा हवी म्हणून कपाट खिडकीजवळ गेले. कपाट ढकलायला आतले सामान काढावे लागले, आणि परत लावताना ते आक्कांच्या पद्धतीने लागले. मी चार दिवस त्या घरात हमाली केली. आक्का एका हाताने दिशा दाखवत आणि दुसऱ्या हातात ओले फडके असे. फळीवरची रेघ त्यांनी पुसली. मग फ्रीजमधली. मग मांडणीवरची. "काय रे हे, घर म्हणायचं की नकाशा?"

शनिवारी मला आंब्याच्या मोहोराच्या बातमीसाठी पावसला जायचे होते. काम आटोपून मी अण्णांच्या जुन्या ओळखीच्या नानांच्या बागेत गेलो. नाना झाडाखाली उभे होते आणि मला पाहून त्यांना हायसे वाटले.

"तू त्याचा शेजारी ना? घेऊन जा त्याला."

"मोजणी झाली?"

"कसली मोजणी? बागेची मोजणी मागच्याच वर्षी झाली. हा आपला आला, म्हणाला मांगरात राहतो. चार दिवस माझ्या कलमांच्या सावल्या मोजतोय. म्हणतो, उन्हं कलली की तुझी सावली शेजाऱ्याच्या हद्दीत जाते, त्याने हरकत घेतली तर? माझ्या तीन पिढ्यांना हे सुचलं नव्हतं. आता झोप लागत नाही मला."

मांगरात, बागेच्या अवजारांच्या खोलीत, अण्णा आंब्याच्या रिकाम्या खोक्यावर बसले होते. समोर अर्धे कापलेले निळे पिंप, त्यात सादिकचा सेलवरचा पंप आणि कब्जेदार. पिंपात ना दगड ना झाड. मासा तळाशी एका जागी उभा होता.

"नाना म्हणतात मोजणी नव्हतीच," मी म्हणालो.

"नानाला काय कळतं."

"अण्णा."

त्यांनी पिंपात पाहिले. "सादिक काय म्हणाला ते तू ऐकलंस ना? जुन्याला बाहेर काढा. आतली मांडणी मोडू दे. नवं जे आलंय त्याची जागा होऊ दे. मग जुन्याने आत जायचं. पाहुणा म्हणून."

"ते त्याने माशाबद्दल सांगितलं होतं."

"मग मी कशाबद्दल बोलतोय?"

बाहेर नाना कोणाला तरी मोठ्याने सावलीबद्दल सांगत होते. अण्णांनी विचारले, "तिकडं काय?"

मी जे पाहिले ते सांगितले. गडगा गेला.

"बरं."

टाकी जागची हलली. कपाट हलले.

"कपाट? कुठं?"

"खिडकीजवळ."

"खिडकीजवळ! अरे पावसात झड येते तिथं, भिजेल ते!" ते उठून उभे राहिले होते. मग पुन्हा खोक्यावर बसले. "असूंदे. भिजूंदे."

"रेघा पुसल्या."

"सगळ्या?"

"साबणाच्या खणातलीसुद्धा."

त्यांनी मान हलवली. "दापोलीच्या गाडीचं काही बोलली?"

"सुरुवातीला बोलल्या. गेल्या तीन दिवसांत माझ्यासमोर नाही." आक्का काय समजून बसल्या होत्या, ते सांगणे मला भाग होते. "त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना कंटाळून पळालात."

अण्णांचा चेहरा उतरला. हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. निघायला म्हणून ते उठले, पिशवीपर्यंत गेले, आणि थांबले. "आत्ता गेलो तर अर्धवट होईल. सादिक म्हणाला आठवडा." मग माझ्याकडे वळून, अगदी अजिजीने, "तू सांग तिला. पळालो नाही म्हणावं. कारण सांगू नको. कारण कळलं तर ती हट्टाने सगळं परत जागेवर ठेवेल. ओळखतो मी तिला."

मी परत येऊन आक्कांना सांगितले की अण्णा बरे आहेत, काम चालू आहे आणि लवकर येतो म्हणालेत. आक्कांनी विचारले, "जेवतो काय तिथं?" नानांकडचा भात आणि बांगडा, असे मी म्हणालो. "बांगडा नीट साफ करत असतील ना? याला काट्याचं भान नसतं." एवढेच. पण संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा बोलावून अण्णांचा पलंग आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, वारा येतो तिथे, हलवून घेतला.

आठवडा भरला त्या दिवशी अण्णा दुपारच्या गाडीने आले. मी दारातच होतो. त्यांनी किटली खाली ठेवली, खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे पाहिले आणि परत खिशात घातली. मग घंटी वाजवली. स्वतःच्या घराची घंटी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच वाजवली असावी, कारण ती कर्कश आहे हे त्यांना माहीत नव्हते, ते दचकले.

आक्कांनी दार उघडले. "किल्ली हरवलीस?"

"नाही."

"मग?"

"आलोय," अण्णा म्हणाले. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढल्या.

आत ओळखीचे काही नव्हते. जिथे टेबल होते तिथे पलंग होता, जिथे पलंग होता तिथे आक्कांचा देव होता. कपाटाचे दार अर्धवट उघडे होते आणि आतून एका लुगड्याचा काठ बाहेर आला होता. अण्णांनी तिकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली, जणू ते बघण्याचा आपल्याला हक्क नाही.

त्यांनी किटली टाकीत कलती केली. एंजल बाहेर आला. वनस्पती नव्हती, दगड नव्हते. तो मागच्या काचेला लागून उभा राहिला आणि त्याने पर मिटले. बाळ्या करवंटीतून बाहेर आला, त्याच्याजवळ गेला, तोंड उघडून मिटून त्याला पाहिले आणि नेहमीच्या चालीने पुढे निघाला. शेपटीचा तुटलेला पदर पांढुरका, नवा येत होता. एंजलने त्या शेपटीकडे पाहिले. आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिले. तो जागचा हलला नाही.

"भित्रा झालाय," आक्का म्हणाल्या.

"नवीन आहे ना," अण्णा म्हणाले.

मग खोलीच्या मधोमध पिशवी धरून ते तसेच उभे राहिले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. शेवटी विचारले, "आक्का, मी बसू कुठे?"

"बस की कुठंही," आक्का स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या. "घर काय माझ्या एकटीचं आहे?"

अण्णा दाराजवळच्या स्टुलावर बसले, टोकावर, कोणाकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बसतो तसे. आतून भांड्याचा आवाज आला.

"नीट बस," आक्का म्हणाल्या. "चहा ठेवलाय."